लॅबिरिंथ चालताना मधेच रेघ ओलांडली, मग ते चालणं धरायचं का?

मुक्तछंद_५८

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचतेय इथे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चूकभूल सांभाळून घ्या. सध्या मुलाकडे आलेय, सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळ. गेल्या आठवड्यात सून म्हणाली, आई तुम्हाला चालायला आवडतं ना, चला तुम्हाला एक गंमत दाखवते, आणि मला नॉब हिलवरच्या ग्रेस कॅथीड्रलला घेऊन गेली. चर्चच्या बाहेर अंगणात जमिनीवर मोठ्ठं गोल डिझाइन आहे, आत फरशीतही तसंच एक आहे. त्याला लॅबिरिंथ म्हणतात. मला वाटलं भूलभुलैया असणार, लखनौला असतो तसा, पण नाही हो, वाट एकच. फाटा नाही, आडवाट नाही, चुकायची सोयच नाही. पाऊल टाकायचं आणि वाट नेईल तिकडे जायचं, शेवटी मध्यावर पोचतो, थोडं थांबायचं आणि त्याच वाटेने परत.

मी आत शिरले आणि दोन-तीन मिनिटांतच अगदी मध्याच्या जवळ आले. म्हटलं झालं की, एवढंच? तर वाट वळली आणि मला घेऊन चालली बाहेर. परत वळली, परत आत, परत बाहेर. पंधरा मिनिटं झाली असतील, मी पार बाहेरच्या कडेला, मध्य राहिला तिकडे लांब, आणि मला राग आला. म्हणजे खराखुरा राग, डोक्यात जाणारा. ज्याच्यावर काढावा असं समोर कोणी नाही, दगडावर आखलेल्या रेघा नुसत्या! मग मी इकडे तिकडे बघितलं, सून फोनवर होती, आणि चक्क रेघा ओलांडून सरळ मध्यावर जाऊन उभी राहिले. उभी राहिले खरी पण मेलं काहीच वाटलं नाही. उलट चोरी केल्यासारखं झालं. परतही तशीच आडवी बाहेर आले.

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. माझ्या बहिणीने नर्मदा परिक्रमा केलीय, त्यात नर्मदा ओलांडली की परिक्रमा खंडित, विषय संपला. इथे तसं काही असतं का? आणि हे खरंच ध्यान वगैरे आहे की आपलं टुरिस्ट लोकांचं? वरून पुण्याच्या शेजारीणबाई फोनवर म्हणाल्या, अगं तो चक्रव्यूह, त्यात पाऊल टाकू नये, अशुभ असतं. आता बोला.

पायपीट

मुक्ताताई, आधी हसलो, मग आठवलं की मलाही हाच राग आलेला, फक्त मी रेघ ओलांडली नाही कारण मागे-पुढे इतकी गर्दी होती की लाज वाटली असती.

तुम्ही जे चाललात त्याचा मूळ नमुना फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथीड्रलमध्ये आहे. मी चार वर्षं पॅरिसला होतो नोकरीसाठी. माँपारनास स्टेशनवरून गाडी पकडली की तासाभरात शार्त्र. पहिल्यांदा गेलो तो मंगळवार होता, आणि सगळ्या लॅबिरिंथवर खुर्च्या! ओळीने मांडलेल्या, मासला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेला, बसायच्या खुर्च्या, त्यांच्या पायांमधून काळ्या रेघा दिसतायत फक्त. म्हणजे पंढरपूरला जावं आणि विठोबापुढे मंडपवाल्याने सतरंज्यांचा ढीग रचलेला असावा तसं. मग कळलं की लेंटपासून, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांपासून, नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत शुक्रवारी खुर्च्या हटवतात. जूनमध्ये सुट्टी टाकून शुक्रवारी परत गेलो.

तेराव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे ते. जवळजवळ १३ मीटर व्यास, ११ फेरे, आणि वाट सरळ केली तर साधारण २६० मीटर भरते. तेवढीच. आपल्या सोसायटीच्या गेटपासून वाण्यापर्यंत. पण ती तेवढ्याशा जागेत घड्या घालून ठेवलीय. वाटेची रुंदी फूटभर आणि वर बोटभर, म्हणजे एक माणूस कसाबसा मावतो, समोरून परत येणारा भेटला की कोणीतरी एकाने बाजूला व्हायचं, रेघेबाहेर पाय टाकायचा आणि परत आपल्या वाटेवर यायचं. तिथे हे सगळे करतात. एक आजीबाई काठी टेकत चालल्या होत्या, त्यांच्यासाठी तर आख्खी रांग रेघेबाहेर उभी राहिली. तेव्हा रेघेबाहेर पाय पडणं म्हणजे पाप, असं काही मला तिथे दिसलं नाही.

मी बूट काढून सॉक्सवर चाललो. फरशी गार, आणि इतक्या पायांनी घासून गुळगुळीत झालेली. सुरुवातीला डोक्यात ऑफिसचं मेल, मग परतीच्या गाडीचं टायमिंग, मग पुढचा माणूस किती हळू चालतोय हे, आणि मग कधीतरी वळणं मोजणं सुटलं. मला वाटतं ह्याचा सगळा जीव त्या वळणांत आहे. सरळ रस्त्यावर चाललो की पाय आपोआप चालतात आणि डोकं गावभर हिंडतं. इथे दर थोड्या वेळाने पूर्ण उलटं वळावं लागतं, अर्धी नजर फरशीवर ठेवावी लागते, पण निर्णय एकही घ्यायचा नसतो. लक्ष द्यायचं पण ठरवायचं काही नाही. असं दिवसभरात दुसरीकडे कुठे होतं सांगा.

मध्यावर सहा पाकळ्यांचं फूल आहे. तिथे पूर्वी धातूची मोठी तबकडी होती, १७९२ मध्ये क्रांतीच्या काळात ती काढून तोफांसाठी वितळवली म्हणतात. आता दगडात खिळ्यांची बुंधं तेवढी राहिलीयत. मी तिथे उभा राहून ती खिळ्यांची टोकंच बघत बसलो होतो.

शंकासुर

रंगाचा बेरंग करायला आलोय, माफी.

हे 'प्राचीन ध्यानपरंपरा' प्रकरण जरा तपासून घ्यावं लोकहो. शार्त्रचं लॅबिरिंथ आठशे वर्षांचं, मान्य. पण त्यावर लोक ध्यान करत चालायचे ह्याचा त्या काळातला पुरावा दाखवा. जेरुसलेमला जाणं परवडायचं नाही म्हणून गरीब यात्रेकरू गुडघ्यांवर हे चालायचे, ही गोष्ट प्रत्येक गाईड सांगतो, पण ती फार नंतरच्या लिखाणात येते. मध्ययुगात लॅबिरिंथवर लोक काय करायचे ह्याची जी ठळक नोंद आहे ती फ्रान्समधल्याच ओसेरच्या कॅथीड्रलची, आणि तिथे काय व्हायचं माहितीये? ईस्टरच्या दिवशी तिथले धर्मगुरू लॅबिरिंथभोवती हात धरून फेर धरायचे, गाणं म्हणायचे आणि एकमेकांकडे चेंडू फेकायचे! चेंडू आणायचा तो नव्याने दाखल झालेल्या पुरोहिताने. १५३८ मध्ये ते बंद करवलं. म्हणजे ध्यान कसलं, मंगळागौरच ती.

रँसच्या कॅथीड्रलमधलं तर १७७९ च्या सुमाराला उखडूनच टाकलं, का तर प्रार्थना चालू असताना पोरं त्यावर धावून दंगा करायची. अमियाँचं १२८८ चं, तेही एकोणिसाव्या शतकात काढलं आणि नंतर त्याच नमुन्याचं परत बसवलं.

आत्ताची जी चालण्याची पद्धत आहे ती ताईंनी पाहिलेल्या ग्रेस कॅथीड्रलमधूनच निघाली. लॉरेन आर्ट्रेस नावाच्या तिथल्या धर्मगुरू बाई १९९१ मध्ये शार्त्रला गेल्या, सोबतच्या लोकांना घेऊन स्वतःच खुर्च्या सरकवल्या, चालल्या, आणि परत येऊन तो नमुना कॅनव्हासवर रंगवून घेतला. त्या वर्षाच्या शेवटी तो लोकांसाठी अंथरला. सोडणं, मिळणं, परतणं असे तीन टप्पे सांगतात ते त्यांचेच. आता हॉस्पिटलांत, तुरुंगांत, शाळांत, सगळीकडे लॅबिरिंथ झालीत. वाईट काही नाही, पण वय तीस-पस्तीस वर्षं, हे लक्षात असू द्या. त्यामुळे ताई, खंडित वगैरे व्हायला आधी नियम तर पाहिजे. निवांत राहा. रागाचं म्हणाल तर जेटलॅग.

पायपीट

@शंकासुर जेटलॅग 😄 पण एक सांगा, पद्धत १९९१ ची असली तर २६० मीटर कमी होतात का?

शंकासुर

मीटर कमी होत नाहीत, भाव कमी होतो. माझा मुद्दा तेवढाच.

कुशावतीकाठची

शेजारीणबाईंच्या चक्रव्यूहाबद्दल लिहिते, कारण मी गोव्याची, आणि आमच्याकडे हा आकार घराजवळच आहे.

सांगे तालुक्यात रिवणच्या पुढे कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ म्हणून जागा आहे, पणसायमळही म्हणतात. नदीकाठच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर शंभराच्या वर चित्रं कोरलीयत, बैल, हरणं, मोर, एक नाचणारी बाई. त्यातच एक गोल आहे, एकात एक वळसे घातलेला. जगाला कळलं १९९३ मध्ये, पण गावच्या गुराख्यांना आधीपासून ठाऊक होतंच. वय किती ह्यावर तज्ज्ञांचं भांडण आहे, पण हजारो वर्षं जुनं ह्यावर नाही. बाबांबरोबर गेले होते तेव्हा सकाळची वेळ, ऊन तिरपं, त्यामुळे खाचांमध्ये सावली भरून रेघा काळ्या उठून दिसत होत्या. बारा वाजता तेच सपाट दिसतं, काही कळत नाही. मी बोट ठेवून वळसा धरून फिरवला, अर्ध्यावर शेवाळं आणि झीज, तिथे वाट हरवते. चालायला वगैरे ते नाही, कृपा करून कोरलेल्या चित्रांवर पाय देऊ नका कोणी.

महाराष्ट्रातही आहेत. सोलापूरजवळ बोरामणीच्या माळरानावर दगड मांडून केलेलं १५ वळशांचं गोल लॅबिरिंथ, मागे बातम्यांत आलं होतं, माळढोक आणि लांडग्यांसाठी जी जागा माहितीये तीच. कर्नाटकात हळेबिडूच्या होयसळेश्वर मंदिराच्या भिंतीवर अभिमन्यूचा प्रसंग कोरलाय, त्यातला चक्रव्यूह असाच वळशांचा.

आता अशुभाचं. महाभारतातला व्यूह हा सैन्याचा, तिथे आत जायची वाट आणि बाहेर यायची वाट मारून अडवणारी माणसं आहेत. अभिमन्यू अडकला तो जयद्रथाने मागच्या पांडवांना अडवलं म्हणून. जमिनीवरच्या ह्या आकारात कोणी अडकूच शकत नाही, ज्या वाटेने आत तीच बाहेर. आणि उलट हाच आकार जुन्या काळी बाळंतपण अडलं की ताटलीवर केशराने काढून, धुऊन ते पाणी बाईला प्यायला द्यायचे, अशा नोंदी भारतात सापडतात. बाळाला बाहेरची वाट सापडावी म्हणून. अशुभ असतं तर बाळंतिणीला दिलं असतं का कोणी?

रेघ ओलांडायचं म्हणाल तर मला नर्मदेपेक्षा शंकराची प्रदक्षिणा आठवली. सोमसूत्री. बाकी देवांना आपण गोल फिरतो, एकाच दिशेने, देव उजव्या हाताला. शंकराला मात्र पन्हळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, तिथून उलटं फिरून दुसऱ्या बाजूने परत पन्हळीपर्यंत यायचं. लहानपणी मला ते फार विचित्र वाटायचं, एवढी एक पन्हळ, टुणकन उडी मारली की झालं. आजी म्हणायची, उडी मारता येते म्हणूनच तर मारायची नाही.

शंकासुर

आजींना दंडवत. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

रांगोळीवाली_सुमा

मुक्ताताई, कॅथीड्रल सोडा, घरी काढा! मी गच्चीवर काढलंय, नाशिकला, खडूने आणि मग गेरूने.

शार्त्रवालं ११ फेऱ्यांचं किचकट आहे, त्याच्या नादी लागू नका. जुनं ७ फेऱ्यांचं असतं ना, क्रीटच्या नाण्यांवर असतं ते, ते ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच निघतं. मध्ये एक अधिकचं चिन्ह काढायचं. त्याच्या चारही कोपऱ्यांत एकेक काटकोन, टोक अधिकाकडे. आणि चारही बाहेरच्या कोपऱ्यांत एकेक ठिपका. झालं, हे ह्या आकाराचं बीज. आता अधिकाच्या वरच्या टोकापासून उजवीकडच्या लगेचच्या टोकाला कमान टाकायची. मग डावीकडचं पहिलं टोक, वरून उजवीकडच्या पुढच्या टोकाला. मग डावीकडचं पुढचं, उजवीकडच्या पुढच्याला. अशा आठ कमानी, प्रत्येक आधीच्या कमानीच्या डोक्यावरून, एकही टोक सोडायचं नाही आणि ठिपका पण टोकच धरायचं. मी पहिल्यांदा ठिपका धरायला विसरले आणि एक गल्ली बंद झाली, आत शिरले ती भिंतीला जाऊन थडकले, आख्खं पुसून परत काढावं लागलं ऐन उन्हात, गुडघे भाजले.

दोन टोकांमध्ये दीड फूट ठेवलं तर सगळं मिळून २४ फुटांपर्यंत जातं, एक फूट ठेवलं तर १६ त बसतं पण मग पाय पायात येतात.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका वर आले टाकी बघायला, आणि ते बघून पळतच खाली गेले. दुपारपर्यंत बिल्डिंगभर झालं की गच्चीत कोणीतरी करणी केलीय, लिंबू कुठे दिसतंय का बघा. मग सगळ्या बायकांना वर नेलं, चालायला लावलं. काका अजून येत नाहीत. त्यांची नात रोज शाळेतून आली की वर.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच, ताईंच्या रागाबद्दल. ह्या ७ फेऱ्यांना बाहेरून नंबर द्या, १ सगळ्यात बाहेरचा, ७ मध्याला चिकटलेला. चालताना क्रम काय येतो बघा: ३, २, १, ४, ७, ६, ५ आणि मग मध्य. म्हणजे शिरल्याशिरल्या तिसऱ्यात आणि तिथून उलटं बाहेर बाहेर. मग एकदम ४ आणि ७, मध्य हाताला लागतोय असं वाटतं, आणि तिथून परत ६, ५, लांब लांब. आणि जेव्हा तुम्ही म्हणता आता गेलं, आता परत बाहेर, तेव्हा पाचव्यातून एका वळणात मध्यात. काढणाऱ्याने हे मुद्दाम केलंय की कमानींच्या हिशोबाने आपोआप झालंय देव जाणे, पण राग त्या ७ नंतरच्या वळणावर येतो हे मी पैजेवर सांगते. आमच्या गच्चीत बारा बायका चालल्या, निम्म्या तिथेच थांबून म्हणाल्या, अगं हे काय, परत?? तेव्हा ताई, जेटलॅग नव्हे तो.

अण्णा_निवृत्त

चालता न येणाऱ्यांसाठी लिहितो. दोन्ही गुडघे बदललेत, सौ.चेही आणि माझेही, एकूण चार. इटलीत लुक्का गावच्या कॅथीड्रलच्या ओवरीत खांबावर उभं लॅबिरिंथ कोरलेलं आहे, साधारण दीड फुटाचं, बोटाने फिरवायचं. शतकानुशतकं बोटं फिरून मधला भाग पार झिजलाय. टूरवाल्याने तिथे दहा मिनिटं दिली होती आणि त्यातली आठ फोटोत गेली, पण तेवढ्यात एकदा बोट फिरवून घेतलं. आल्यावर सौ.ने पितळी ताटात रवा पसरून बोटाने सुमाताई म्हणतात तसं काढलं. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर ती डाव्या हाताच्या बोटाने एकदा आत एकदा बाहेर करते. डाव्या हाताने कारण उजवा फार हुशार, तो लगेच पुढचं वळण ओळखतो. मग तो रवा डब्यात परत. शिरा झाला की मी विचारतो, हा चाललेला रवा आहे का.

मुक्तछंद_५८

सगळ्यांना काय म्हणू, डोळे भरून आले हसून हसून. अण्णा, ताटातलं मी आजच करणार.

काल परत गेले. एकटीच, बस बदलत. ठरवून गेले की काही झालं तरी रेघ ओलांडायची नाही, आजींची पन्हळ डोक्यात ठेवून. चपला काढून हातात घेतल्या, मग वाटलं हे काय, काठावर ठेवल्या. सुमा तू म्हणालीस तसंच, मध्याजवळ आले, वाट बाहेर वळली आणि तो राग आलाच, बरोब्बर तिथेच, पण ह्या वेळी ओळखीचा होता. आलास का, म्हटलं, चल बरोबर. आणि चालत राहिले. पुढे काय विचार आले गेले आठवत नाही, एक आठवतंय की वारा होता आणि खालून केबल कारची घंटा वाजत होती. सासवडपर्यंत वारीत चालले होते एकदा, तेव्हा टाळाचा आवाज पुढे जायचा आणि आम्ही मागे, तसं काहीतरी.

अगदी बाहेरच्या फेरीत होते, तेवढ्यात एका जोडप्याने हात करून फोटो काढाल का विचारलं. नाही कसं म्हणणार. दोन पावलं बाहेर झाले, फोटो काढला, त्यांना आवडला नाही, परत काढला, आणि परत वाटेवर येऊन चालायला लागले. मस्त चालतेय, मन अगदी शांत, वळणं येतायत जातायत, आता मध्य येईल मग येईल, आणि समोर बघते तर माझ्या चपला! फोटोच्या नादात तोंड उलट्या दिशेला करून उभी राहिले होते आणि सगळीच्या सगळी वाट परत चालून दारात आले.

आता पायपीटभाऊ, शंकासुर, हे धरायचं का ते सांगा, रेघ तर मी ओलांडली नाही हो (फोटोची दोन पावलं सोडून). आणि सुमा, मुलाच्या मागच्या अंगणात २० फूट जागा आहे पण एका बाजूला लिंबाचं झाड येतंय, तर सव्वा फूट अंतर ठेवलं तर बसेल का, की झाड मध्यावरच घेऊ?